उंद्रीच्या मांडवात उतरलेलं बिऱ्हाड

बाबांना पुण्याची नोकरी लागली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा सोनाळ्याच्या शाळेत मास्तर होते. महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, नव्या राज्याच्या शिक्षणखात्यात कारकुनांच्या जागा निघाल्या होत्या, आणि बाबांनी कुणाला न सांगता अर्ज टाकला होता. नेमणुकीचा कागद आला तेव्हा तो त्यांनी आधी उभ्याने वाचला, मग खुर्ची ओढून बसून वाचला, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला मोठ्याने वाचून दाखवला. आईने भाकरी थापता थापता सगळा ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "पुण्यात ज्वारी भेटते का?"

"मिळते," बाबा म्हणाले. "आणि भेटते नाही म्हणायचं. माणसं भेटतात. वस्तू मिळतात."

त्या दिवसापासून आमच्या घरात शुद्ध मराठीचा वर्ग सुरू झाला. 'मले' नाही, 'मला'. 'करून राह्यलो' नाही, 'करतो आहे'. 'का'ऐवजी येणारा 'काऊन' हा शब्द तर घरातून हद्दपारच झाला. मी तेरा वर्षांची, मला गंमत वाटायची. आई मात्र बाबा घरात असले की गप्पच राहायची, आणि ते शाळेत गेले की शेजारणीच्या ओट्यावर जाऊन तुंबलेलं सगळं मोकळं करून यायची.

सामान मलकापूरला नेऊन रेल्वेने पाठवायचं असं बाबांच्या मनात होतं. पण मलकापूरला आईचा धाकटा भाऊ होता, आणि त्याच्याकडे ट्रक होता. एरवी तो कापसाच्या गाठी वाहायचा. त्या महिन्यात त्याला पुण्याहून तेलघाणीचं एक यंत्र आणायचं होतं, म्हणजे जाताना गाडी रिकामीच जाणार होती. तो सोनाळ्याला आला, ओसरीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "भाऊजी, रेल्वेत सामान कायले टाकता? माहा ट्रक काय मेला का? दोन दिवसांत तुमाले पुण्यात नेऊन सोडतो. दारात."

रेल्वेच्या डब्यात जे मावलं नसतं ते ट्रकमध्ये मावेल, हे आईच्या तत्काळ ध्यानात आलं. तिने बांधाबांध सुरू केली. ज्वारीची तीन पोती, तुरीची डाळ, कुरड्या, पापड, सांडगे, लोणच्याच्या सात बरण्या, पाटा, वरवंटा, जातं, जमिनीवर कुठे निजायचं म्हणून दोन खाटा, आणि खाटा रिकाम्या कशाला म्हणून त्यांवर गाद्या. बाबा सगळं पाहत होते आणि गप्प होते. पण आईने गोवऱ्यांची दोन पोती बाहेर काढली तेव्हा त्यांचा धीर सुटला.

"पुण्याला गोवऱ्या घेऊन जाणारं पहिलं बिऱ्हाड आपलं असेल!"

"मग असू द्या पहिलं," आई म्हणाली. "तुमचा नाही तर माझा तरी नंबर येईन कुठी."

बाबांचा जीव फक्त एका वस्तूत होता. आईच्या माहेरून आलेलं सागवानी कपाट. दोन दारांचं, त्यातल्या एका दाराला पुरुषभर उंचीचा आरसा. पुण्यातल्या माणसांवर छाप पाडायला आपल्याकडे ही एकच वस्तू आहे, असं त्यांचं मत होतं. कपाट रिकामं करून, आरशावर गोधडी बांधून, ते ट्रकमध्ये केबिनच्या पाठीला टेकवून उभं केलं. बाकी सामानावर मामाने ताडपत्री ओढून दोराने आवळली. आणि मग बाबांनी जाहीर केलं की ते स्वतः मागे, कपाटाशेजारी बसणार. अंगात पुण्याच्या ऑफिसासाठी शिवलेला नवा लोकरी कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. गाव निरोप द्यायला जमलं होतं. बाबा ज्वारीच्या पोत्यावर चढून बसले आणि त्यांनी सगळ्यांना वरून नमस्कार केला. गाडी सुरू झाली तसे ते मागे झोकांडले आणि कपाटाला धरून सावरले.

महाशिवरात्र आठ दिवसांवर आली होती. सकाळ अगदी लख्ख होती. शेगाव गेलं, खामगाव गेलं. मामा गाडीशी बोलत गाडी चालवायचा. चढ आला की म्हणायचा, "चाल व माय, चाल, एवढं चढून घे." उतार आला की म्हणायचा, "हळू बे, कोणाच्या बापाचं लगन हाये का?" चढाला माय आणि उताराला बे, हा हिशेब मला कधी कळला नाही. आई खिडकीशी, मी मधे. खामगाव सोडल्यावर रस्ता वर चढून चिखलीकडे निघाला. दोन्ही बाजूंना गहू पिवळा होऊन कापणीला आला होता. दुपार झाली तशी हवा एकाएकी पडली आणि समोरचं आभाळ शाईच्या दौतीसारखं झालं.

"आभाळ कसं होऊन राह्यलं रे?" आई म्हणाली.

"काही नाही होत, बाई. माघात पाऊस येते का कधी?"

हे बोलणं संपायच्या आत केबिनच्या टपावर कुणीतरी खडा मारल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. मग मूठभर खडे. मामा म्हणाला, "पोट्टे दगडं मारून राह्यले," आणि शिवी द्यायला त्याने डोकं खिडकीबाहेर काढलं. ते त्याने लगेच आत घेतलं. त्याच्या कपाळावर बोराएवढं टेंगूळ उठलं होतं आणि मांडीवर एक पांढरी गार पडली होती.

पुढची दहा-पंधरा मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत, कारण मी डोळे मिटून आईच्या कुशीत होते. आवाज मात्र अजून कानात आहे. पत्र्यावर कुणीतरी पोतंच्या पोतं सुपाऱ्या ओतत असावं तसा. आधी बोराएवढ्या होत्या त्या गारा लिंबाएवढ्या झाल्या. समोरच्या काचेला तडा गेला, काचेत जाळं पडलं, पुढचं काही दिसेना. आई ओरडत होती, "अरे थांबव! मास्तर मागं हायेत!" मामा ओरडत होता, "झाडाखाली थांबवू का? फांदी पडली तं सगळेच जाऊ!" शेवटी त्याला डाव्या हाताला एक घर आणि त्यापुढे काही उंचवटा असल्यासारखं दिसलं. त्याने गाडी तिकडे वळवली. गाडी रस्ता सोडून उतरली, दोनदा हिंदकळली आणि चिखलात रुतून थांबली.

गारा थांबल्या तशा एकदम थांबल्या. मामाने दार उघडलं. बाहेर जमीन पांढरीशुभ्र होती. आणि त्या पांढऱ्या जमिनीवरून, डोक्यावर परातींच्या, सुपांच्या, घमेल्यांच्या ढाली धरून माणसं आमच्याकडे धावत येत होती.

"वऱ्हाड आलं! वऱ्हाड आलं!"

पाठोपाठ सनईवाल्याने सनई फुंकली. तिच्यात पाणी गेलेलं होतं, त्यामुळे आधी नुसतीच गुळगुळ झाली आणि मग एकदम किंकाळीसारखा सूर निघाला.

ते उंद्रीतलं लग्नघर होतं. ज्याला मामा उंचवटा समजला तो कोसळलेला मांडव होता. ते लोक सकाळपासून नवरदेवाकडच्या माणसांची वाट पाहत बसले होते, आणि गारांच्या धुमाळीत एक ट्रक थेट मांडवात येऊन उभा राहिलेला पाहून त्यांनी साहजिकच तर्क केला होता. आई खाली उतरली. तिने अजून तोंड उघडलं नव्हतं तोच दोन बायकांनी तिच्या पायांवर पाणी ओतलं, एकीने कुंकू लावलं आणि एकीने गूळ तिच्या तोंडात घातला.

"या विहीणबाई. लई तरास झाला जी तुमाले."

आईच्या तोंडात गूळ. तिला बोलता येईना. ती हाताने ट्रकच्या मागच्या भागाकडे खुणा करू लागली.

"हाव, हाव, नवरदेव मागं हाये का?"

दोन-तीन जण चाकांवर पाय देऊन वर चढले. मीही चढले. ज्वारीच्या पोत्यावर गारांचा थर होता. बाबांची छत्री पडली होती, तिच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. काळी टोपी ताडपत्रीच्या घडीत अडकली होती. बाबा नव्हते.

आईने ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तोंडातला गूळ तसाच, तिने असा हंबरडा फोडला की सनई थांबली. "पडले व माय! कुठी तरी रस्त्यात पडले! मी म्हणत होती केबिनात बसा म्हणून!" मामाचा चेहरा पांढरा पडला. तो रस्त्याकडे धावत सुटणार एवढ्यात माझ्या शेजारी धप धप आवाज झाला. मी दचकले. आवाज कपाटातून येत होता.

कपाटाच्या बिनआरशाच्या दाराला बाहेरून कडी होती. हिसक्यांनी ती आपोआप बसली होती. एका माणसाने ती वर केली. दार उघडलं आणि लोकरी कोट घातलेले, घामाने निथळलेले, उघड्या डोक्याचे माझे बाबा दोन्ही हात पुढे करून ज्वारीच्या पोत्यावर पडले. उठले. खाली जमलेल्या पन्नास-साठ माणसांकडे त्यांनी पाहिलं. त्या बायकांच्या हातात आरतीचं ताट होतं.

एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून निरखून पाहत होती. ती शेजारणीला म्हणाली, "बाप्पा! नवरदेव लई मोठा हाये व."

बाबांनी कोट झटकला आणि शांतपणे म्हणाले, "आम्ही पुण्याला निघालो आहोत."

मग आई खाली बसून हसायला लागली. रडणं अजून संपलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही एकदमच चाललं होतं. मामाने सगळा खुलासा केला. त्या बायका जरा ओशाळल्या, पण कुंकू काही कुणी पुसलं नाही.

मुलीचा बाप मात्र हसण्यात नव्हता. तो घराच्या मागच्या कुंपणाशी उभा होता. बाबा त्याच्याकडे गेले, मी त्यांच्या मागे. त्याचं वावर घराला लागूनच होतं. पाच-सहा एकर गहू जमिनीला चिकटून निजला होता, वरून कुणी जातं फिरवल्यासारखा. पलीकडच्या तुकड्यातली वांगी नि टमाटी फुटून पडली होती आणि त्यांच्यामध्ये गारा चकाकत होत्या. बाबा शब्द शोधत होते. नुकसानीबद्दल काही बोलावं तर त्यांना शुद्ध भाषेतलं सुचेना आणि आपल्या भाषेतलं बोलायचं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "लई वाईट झालं, भाऊ."

"झालं," तो माणूस म्हणाला. "आता वावर तं उद्याही इथीच राहीन. आज लेकीचं लगन हाये. ते लागलं पाह्यजे." त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि वळला. त्यानंतर मी त्याला दिवसभरात कुंपणाकडे पाहताना पाहिलं नाही.

लग्न लागायला पाहिजे हे खरं, पण लागणार कसं? मांडव आडवा. चुली विझलेल्या, वरणाच्या हंड्यात गारा. जळण सगळं भिजून चिंब. नवरदेवाचं गाव नाल्यापलीकडे, आणि एकाने धावत येऊन सांगितलं की नाल्याला छातीभर पाणी आहे, नवरदेवाकडची माणसं पलीकडच्या काठावर येऊन थांबली आहेत. अमडापूरचे भटजीही त्यांच्यासोबत तिकडेच. मुहूर्त गोरजाचा.

मुलीच्या आईने ओल्या काड्या चुलीत कोंबून फुंकर घातली. नुसता धूर झाला.  आईने ते पाहिलं, पदर खोचला आणि मामाला हाक मारली, "ताडपत्री सोड रे. खालची दोन पोती काढ."

त्या गोवऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. लग्नघरातल्या बायकांनी सोन्याकडे पाहावं तसं त्या पोत्यांकडे पाहिलं. बाबाही पाहत होते. आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "नंबर आला."

आणि मग आमचं बिऱ्हाड जे उतरायला लागलं ते थांबेचना. ताडपत्री ट्रकच्या फाळक्यापासून घराच्या वाशापर्यंत बांधली, तिचा मांडव झाला. खाटांवर गाद्या घालून पाहुण्यांची बैठक झाली. आमची डाळ शिजली, आमच्या कुरड्या तळल्या गेल्या, वावरात पडलेली फुटकी वांगी वेचून त्यांची भाजी झाली, आणि तिला मसाला वाटायला आमचाच पाटा. लोणच्याच्या सातपैकी चार बरण्या फोडल्या. कपाट खाली उतरवून घराच्या पडवीत उभं केलं, आरशावरची गोधडी काढली. त्या घरात हातात धरायच्या आरशाखेरीज दुसरा आरसा नव्हता. नवरी त्याच्यासमोर उभी राहिली. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदम पाहण्याची तिची ती पहिलीच वेळ. बराच वेळ पाहून ती मला हळूच म्हणाली, "मी तं बरी दिसतो व." ती खरंच छान दिसत होती.

मामा सामान बांधायचे दोर खांद्यावर टाकून चार गड्यांबरोबर नाल्यावर गेला. काठावरच्या बाभळीला दोर बांधून त्यांनी एक टोक पलीकडे नेलं आणि दोराला धरधरून माणसं अलीकडे आणली. आधी नवरदेव, मग त्याचा बाप, मग पंधरा-वीस जण. भटजी मात्र तयार होईनात. ते वयाने थकलेले होते आणि पाण्याकडे पाहूनच त्यांनी डोळे मिटले. पलीकडून ओरडून त्यांनी निरोप दिला, "मुहूर्त टळू देऊ नका! तिथं कुणी जानव्याचा माणूस असेल तर मंगलाष्टकं म्हणवून घ्या! बाकीचं मी पाणी उतरल्यावर पाहतो!"

निरोप घेऊन मामा आला आणि सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या.

"मी मास्तर आहे," बाबा म्हणाले. "मला पौरोहित्य येत नाही."

"जानवं हाये ना?" मुलीच्या बापाने विचारलं.

"जानवं आहे. पण..."

"मंग झालं तं, मास्तर. आमाले कुठी समजते काय म्हणता ते."

तेवढ्यात नवरदेव आला. कमरेपर्यंत चिखल, वर नुसतं बनियन. त्याचा सदरा नि फेटा नाल्याने नेला होता. तो थंडीने कुडकुडत होता आणि लाजून कुणाकडे पाहत नव्हता. फेटा कुणीतरी आपला काढून दिला. बाबांनी आपल्या कोटाकडे पाहिलं. तो निर्णय घेणं त्यांना किती जड गेलं ते मला त्यांच्या बोटांवरून कळलं. एकेक बटण काढायला त्यांना केवढा वेळ लागला. पण त्यांनी कोट काढला आणि स्वतः त्या मुलाच्या अंगात घातला. बाह्या दोन इंच लांब होत्या, एरवी बरोबर बसला.

गोरजावर नवरा-नवरी समोरासमोर उभी राहिली. मधे अंतरपाट म्हणून आमची खाटेवरची चादर धरली. बाबा पुढे झाले, घसा साफ केला आणि पहिलं कडवं खणखणीत म्हटलं. आवाज छान होता त्यांचा. शेवटची ओळ झाली, लोकांनी अक्षता टाकल्या. दुसरं कडवं नद्यांच्या नावांचं. बाबा दोन नद्यांपर्यंत गेले आणि अडकले.

वर्गात फळ्यासमोर मुलगा अडकतो तसे माझे बाबा अडकलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. सगळा मांडव वाट पाहत होता. त्यांनी एकदा वर ताडपत्रीकडे पाहिलं. आणि मग, ज्या नद्या त्यांना झोपेतही आठवायच्या, ज्या त्यांनी चौथीच्या वर्गाला भूगोलात वर्षानुवर्षं शिकवल्या होत्या, त्या त्यांनी त्याच चालीत लावायला सुरुवात केली. पूर्णा. पैनगंगा. तापी. वर्धा, वैनगंगा. गोदावरी आणि तिला मिळणारी मांजरा. भीमा, नीरा, कृष्णा, कोयना. नवं राज्य उगमापासून मुखापर्यंत त्यांनी त्या मांडवातून वाहवलं. आणि जिथे ओळ संपत होती तिथे सवयीने त्यांनी श्रोत्यांकडे हात केला आणि म्हणाले, "म्हणा."

मांडवाने म्हटलं. "पूर्णा, पैनगंगा!"

मग काही थांबणं शक्यच नव्हतं. बाबा एक ओळ म्हणायचे, सगळा गाव ती घोळवून म्हणायचा. नवरदेवसुद्धा म्हणायला लागला. चादरीपलीकडे नवरीचे खांदे हलत होते. ती रडतेय असं समजून तिची मावशी तिला थोपटत होती, पण मी बाजूला होते, ती हसत होती. वैनगंगेवर कुणीतरी अडखळलं तर बाबांनी ती ओळ पुन्हा म्हणवून घेतली. शेवटी 'शुभमंगल सावधान' आलं, चादर दूर झाली, सनईत आता पाणी उरलं नव्हतं, ती चांगली वाजली.

आई माझ्या कानात म्हणाली, "यांच्या हातून एकही विद्यार्थी सुटत नाही."

जेवणं दिवेलागणीच्या आसपास झाली. आमच्या खाटांवर नवरदेवाकडचे थोरले बसले, आम्ही जमिनीवर. मुलीची आई पुन्हा पुन्हा आईच्या पानाशी येऊन बसायची आणि म्हणायची, "तुमी नसत्या तं काय झालं असतं, बाई?" आणि आई म्हणायची, "जेवा बरं तुमी आधी." त्या दोघींचं सूत असं जमलं की बाबा परकरातल्या मुलीसारखे कोपऱ्यात एकटे बसलेले मला दिसले. मग मुलीचा बाप त्यांच्याकडे आला, आणि ते दोघं कितीतरी वेळ गव्हाबद्दल बोलत होते. बाबा बोलताना 'मले' म्हणत होते, 'काऊन' म्हणत होते, आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं आणि भटजी आले. पाय धुऊन ते बाबांसमोर बसले आणि म्हणाले, "काय काय म्हटलंत ते सांगा. कुठून पुढे धरायचं ते मला कळलं पाहिजे."

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी खाली मान घालून सगळं म्हणून दाखवलं, पूर्णेपासून कोयनेपर्यंत. भटजी डोळे मिटून ऐकत होते. 

"इंद्रायणी राहिली," भटजी म्हणाले.

मग त्यांनी होम पेटवला, आमच्या उरलेल्या गोवऱ्यांवर, आणि सप्तपदी केली. मंगलाष्टकं त्यांनी पुन्हा म्हटली की नाही, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. म्हटली. पण हळू आवाजात आणि एकदाच, जसं काही ती आधी झालेलीच आहेत आणि हे आपलं वहीत नोंदवण्यापुरतं आहे.

ट्रक चिखलातून काढायला तो आख्खा दिवस गेला. आठ बैल जुंपले. मामा गाडीला माय म्हणून पाहत होता, बे म्हणून पाहत होता, बैलांना काय म्हणत होता ते इथे लिहिता येणार नाही. सामान पुन्हा चढवलं, आणि ते आलं होतं तेवढं उरलं नसतानाही आधीपेक्षा जास्त जागा व्यापू लागलं, कारण मुलीच्या आईने बुंदीची टोपली, दोन लुगडी-खण, आणि गारांनी मारलेल्या टमाट्यांचं एक पोतं गुपचूप चढवलं होतं. नवरा-नवरी सकाळीच बैलगाडीने निघून गेली होती. तो कोट नवरदेवाच्या अंगातच होता. परत मागायचं कुणाच्या तोंडून निघालं नाही, बाबांच्या तर नाहीच. आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पुण्यात एवढी थंडी नसते म्हणतात."

निघताना मुलीच्या बापाने बाबांचे दोन्ही हात धरले. बाबांना त्याला काहीतरी मोठं, चांगलं म्हणायचं असावं. ते म्हणाले, "गहू पुढच्या साली चांगला होईन." तो म्हणाला, "होईन जी. न होऊन जाते कुठी."

या खेपेला बाबा केबिनमध्ये बसले. मी आईच्या मांडीवर. तेरा वर्षांची घोडी, आणि देऊळगाव राजापर्यंत आईच्या पायांना मुंग्या आल्या, पण तिने बाबांना मागे जाऊ दिलं नाही.

वाटेत गाडीची फुटकी काच बदलण्यात आणखी एक दिवस गेला, आणि आम्ही पुण्याला ठरल्यापेक्षा तीन दिवस उशिरा पोचलो. बाबा धूळभरल्या सदऱ्यानेच ऑफिसात हजर व्हायला गेले. त्यांनी उशिराचं कारण लेखी दिलं होतं: गारपीट, रस्त्यात चिखल, नाल्यास पूर. साहेबाने ते वाचलं आणि विचारलं, "माघात?" बाबांनी 'होय' म्हटलं. साहेब कागदावर सही करून म्हणाला, "तुमच्याकडे सगळंच वेगळं असतं बुवा." हे कौतुक होतं की टोमणा, हे बाबांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. संध्याकाळी आईला सांगताना त्यांनी ते कौतुकासारखं सांगितलं.

इकडे आमची खोली एका वाड्यात वरच्या मजल्यावर होती. मामा ट्रक गल्लीत शिरत नाही म्हणून चौकात थांबला होता, आणि आई आणि मी आधी पुढे जागा पाहायला गेलो. घरमालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. नऊवारी, कपाळावर बारीक कुंकू, बोलणं इतकं स्वच्छ की मला वाटलं बाबा यांचंच ऐकून शिकले असावेत. त्यांनी विचारलं, "आपण किती माणसं राहणार?"

आईने सगळ्या रस्त्यात पाठ केलेलं वाक्य नीट जुळवलं. "आम्ही तिघं आहोत. मी, मास्तर आणि ही."

"बरं."

"आणि दोन गुंड आहेत माझे. मागून माझा भाऊ घेऊन येतो आहे."

आमच्याकडे पाणी भरायच्या पितळी घागरीला गुंड म्हणतात. आईचे दोन्ही गुंड लग्नातले, भरपूर वजनाचे, नक्षीचे. मालकीणबाईंचा हात जिन्याच्या कठड्यावर घट्ट झाला.

"गुंड?"

"हो. फार चांगले आहेत. रोज सकाळी घासून ठेवते मी त्यांना. तुम्ही बघालच, कसे चमकतात ते."

"ते... राहणार कुठे?"

"कुठेही राहतात," आई म्हणाली. "नळाजवळ जरा जागा दिली तरी पुरे."

तेवढ्यात मामा आला. चार दिवसांची दाढी, कपाळावरचं टेंगूळ आता निळं पडलेलं, खांद्यावर दोर. मालकीणबाई दोन पायऱ्या वर सरकल्या आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "यातला हा एक का गं?"